शंभर शुभेच्छापत्रं हातानं करायची असतील तर

माझं निम्मं आयुष्य छापखान्यातल्या बाइंडिंगच्या टेबलाशी गेलं. कागद मोजायचा, कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा आणि गठ्ठे बांधायचे, हेच काम. त्यामुळे आमच्या गटानं हॉस्पिटलमध्ये महिनोन्‌महिने राहावं लागणाऱ्या रुग्णांसाठी हातानं शुभेच्छापत्रं करायचं ठरवलं, तेव्हा कामाची आखणी आपसूकच माझ्याकडे आली. काही कार्डं रुग्णांना द्यायची आणि काही विकून त्यांच्या औषधांना हातभार लावायचा, असा बेत होता. हे काम आता आमच्या अंगवळणी पडलंय. कुणी असंच काही करायला घेत असेल तर कागद, वेळ आणि उत्साह वाया जाऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. एक कार्ड घेतलं, ते पूर्ण केलं, मग दुसरं घेतलं, ही पद्धत घरातल्या एखाद्या वाढदिवसाला छान. शंभर कार्डांना ती चालत नाही. दर वेळी पट्टी उचला, ठेवा, गोंदाचं झाकण उघडा, लावा, यातच संध्याकाळ निघून जाते. म्हणून काम टप्प्याटप्प्यानं करायचं. आधी सगळा कागद कापून घ्यायचा, मग सगळ्या घड्या पाडायच्या, मग सगळं रंगवायचं आणि शेवटी सगळं चिकटवायचं. यात जो वेळ वाचेल तो एकाच ठिकाणी खर्च करायचा, आतल्या मजकुरावर. कार्ड हातात घेणारा माणूस कडा किती सरळ आहेत हे क्षणभर बघतो, पण आतल्या दोन ओळी परत परत वाचतो.

वेळ वाचवायचा म्हटलं की काहींना वाटतं, मग त्यात जिव्हाळा कुठे राहिला? त्यांना मी हेन्री कोल यांच्या कार्डाबद्दल सांगते. 1843 साली लंडनमध्ये या गृहस्थांना नाताळाच्या इतक्या पत्रांना उत्तरं द्यायची होती की वेळ पुरेना. त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि त्या हातानं रंगवून घेतल्या. बाजारात विक्रीला आलेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच. त्यात मधोमध मेजवानीला बसलेलं कुटुंब आहे आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं आहेत. म्हणजे वेळेची बचत आणि दानधर्म, दोन्ही या प्रथेत पहिल्या कार्डापासून आहेत.

आधी विचारा, मग कागद आणा

कार्डं ज्यांना द्यायची आहेत तिथे आधी जाऊन या. आम्ही गेलो तेव्हा वॉर्डच्या सिस्टरनी डमी, म्हणजे नमुन्याचं, कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि सरळ सांगितलं, "काकू, चमकी नको. ती चादरीत पडते, डोळ्यात जाते. टिकल्या, मणी, सुटणारं काहीच नको. आणि पाकिटं बंद करू नका, आम्हाला आधी बघावी लागतात." पाच मिनिटांच्या या बोलण्यानं आमच्या सामानाची निम्मी यादी कमी झाली आणि कार्डाचं रूपही ठरलं.

विचारायच्या गोष्टी थोड्याच असतात. किती कार्डं हवीत, कोणत्या वयाच्या माणसांना, कोणत्या भाषांत. पाकीट हवं की नको. खाली नाव लिहिलेलं चालेल का. सुगंधी कागद किंवा वाळलेली फुलं चालतील का. पुष्कळ ठिकाणी नाहीच म्हणतात, आणि ते रास्त आहे, कारण ॲलर्जी आणि श्वासाचा त्रास असणारी माणसं तिथे असतात. वृद्धाश्रमासाठी कार्डं करत असाल तर अक्षर मोठं आणि गडद हवं. फिक्या गुलाबीवर सोनेरी अक्षर आपल्याला देखणं वाटतं, पण मोतीबिंदू झालेल्या आजींना ते दिसतच नाही. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं हेच बरं.

माप पाकिटावरून ठरवा

आधी कार्ड करायचं आणि मग त्याला बसेल असं पाकीट शोधत फिरायचं, हा उलटा प्रवास झाला. आधी पाकीट ठरवा. सी6 हे सहज मिळणारं पाकीट 114 बाय 162 मिलिमीटरचं असतं. त्यात ए6 म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड नीट बसतं. चारी बाजूंनी थोडी जागा राहते, त्यामुळे वर एक-दोन थर चिकटवले तरी कार्ड अडत नाही.

हे माप घेतलं की कागदाचा हिशेबही सोपा होतो. ए4 कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. तो मधोमध कापला की दोन ए5 होतात आणि प्रत्येक ए5 दुमडला की एक ए6 कार्ड. एका ए4 मधून दोन कार्डं, आणि कचरा शून्य. शंभर कार्डांसाठी पन्नास कागद लागतील, पण पंचावन्न घ्या. शेकडा दहा जास्तीचा कागद हा छापखान्यातला जुना नियम मी इथेही पाळते. कुठे शाई सांडते, कुठे घडी तिरकी पडते; तेवढ्यासाठी काम अडू नये.

कागद 250 जीएसएमच्या आसपासचा घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). 200 च्या खालचा कागद उभा केला की वाकतो आणि 300 च्या वर गेलात की हातानं घडी पाडताना मनगटं दुखतात.

आता बाइंडिंगवाल्यांना ठाऊक असलेली, पण इतर सहसा न सांगणारी एक गोष्ट. कागदाला ग्रेन असतो. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसतात. घडी त्या दिशेला समांतर घातली तर ती सुतासारखी सरळ येते. आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो, पांढरे तंतू वर येतात आणि गडद रंगाच्या कागदावर ते फारच डोळ्यात भरतं. ग्रेन ओळखायचा कसा? कागद टेबलावर ठेवा, एक कड उचलून न दुमडता नुसती पलीकडे वाकवा आणि तळहातानं हलकेच दाबून बघा. मग तेच दुसऱ्या बाजूनं करा. ज्या बाजूनं कागद कमी विरोध करतो, त्या वाकेला समांतर त्याचा ग्रेन.

ए4 कागदात बहुधा ग्रेन लांब बाजूला समांतर असतो. तसा असेल तर कागद आडवा मधोमध कापा, म्हणजे 210 बाय 148 चे दोन तुकडे येतील, आणि घडी 148 च्या बाजूला समांतर घाला. उभं कार्ड मिळेल आणि घडी ग्रेनच्या दिशेनं बसेल. त्याच कागदाच्या 105 बाय 297 च्या लांब पट्ट्या कापल्या तरी दोनच कार्डं होतात, पण तिथे घडी ग्रेनला आडवी जाते. कागद तेवढाच, मेहनत तेवढीच, पण हातात येणाऱ्या कार्डात जमीन-अस्मानाचा फरक.

गेज करा, मोजणं सोडा

प्रत्येक कार्डावर पट्टी ठेवून पेन्सिलीनं खूण करायची आणि ती नंतर खोडायची, यात वेळही जातो आणि कार्डही मळतं. त्यापेक्षा सुरुवातीला अर्धा तास घालवून एक गेज, म्हणजे मापाचा साचा, तयार करा.

मोठा जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या डाव्या आणि खालच्या कडेला, अगदी काटकोनात, पुठ्ठ्याच्याच दोन बोटभर रुंद पट्ट्या चिकटवा. काटकोन डोळ्यांनी ठरवू नका. नव्या वहीचा किंवा पुस्तकाचा कोपरा लावून बघा. आता ए5 चा तुकडा या कोपऱ्यात सरकवला की तो आपोआप एकाच जागी बसतो. डाव्या पट्टीपासून बरोबर 105 मिलिमीटरवर, वर एक आणि खाली एक, अशा दोन खाचा पाडा. तुकडा कोपऱ्यात घ्यायचा, स्टीलची पट्टी दोन खाचांना टेकवायची आणि शाई संपलेल्या बॉलपेननं एकच ओढ द्यायची. कागद न कापता रेघ दबली पाहिजे. ही झाली क्रीज. पुढचा तुकडा घ्या. शंभरावं कार्डही पहिल्याइतकंच सरळ येतं आणि नवखा माणूससुद्धा दहा मिनिटांत सरावतो.

क्रीज पाडल्यावर एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत राहील असं दुमडायचं. पुष्कळांना हे उलटं वाटतं, पण एकदा दोन्ही प्रकारे घडी घालून बघा, बाहेरची कड कुठली गुळगुळीत येते ते लगेच कळेल. दुमडताना लक्ष घडीकडे नको, मोकळ्या कोपऱ्यांकडे हवं. दोन्ही कोपरे जुळवा, एका हातानं धरून ठेवा, मग घडीवरून दाब द्या. नखानं घासू नका, कागदावर चकाकणारा डाग पडतो. घडीवर एक रद्दी कागद ठेवा आणि त्यावरून चमच्याची पाठ किंवा घडी दाबायची पट्टी फिरवा.

कापण्याबद्दल थोडक्यात. कटरचं पातं नवं हवं, पट्टी स्टीलची आणि खाली कटिंग मॅट. जोर लावून एकदाच कापण्यापेक्षा हलक्या हातानं तीनदा ओढा. पातं बोथट झालं की कड दातेरी येते आणि हात घसरण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. वापरलेली पाती नुसती कचऱ्यात टाकू नका, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टी लावून टाका. मुलं असतील तिथे कापण्याचं काम आदल्या दिवशीच उरकून टाकावं.

समोरची सजावट

शंभर कार्डांवर शंभर वेगळी चित्रं काढायला बसलात तर पंधराव्या कार्डाला उत्साह मावळतो. एकाच चित्राच्या शंभर नकला करायला बसलात तर कंटाळा येतो आणि तो कार्डात उतरतो. माझ्या आवडीचा मार्ग मधला. मोठा कागद एकदाच रंगवायचा आणि मग त्याचे तुकडे करायचे.

200 जीएसएमचा ए4 कागद घ्या, शक्यतो जलरंगाचा. रुंद ब्रशनं तो स्वच्छ पाण्यानं ओला करा. वरून एक रंग सोडा, खालून दुसरा आणि मध्ये ते आपसांत मिसळू द्या. दोनच रंग. निळा आणि पिवळा घेतलात तर मध्ये हिरवा उमलतो, गुलाबी आणि केशरी घेतलेत तर संध्याकाळचं आभाळ होतं. लाल आणि हिरवा मात्र एकत्र नको, त्यांची तपकिरी माती होते. कागद ओला असतानाच वर मिठाचे चार खडे टाकले तर ते रंग ओढून घेतात आणि वाळल्यावर तिथे चांदण्या उमटतात. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकून टाका, कागद रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा आणि सकाळी कापायला घ्या. 70 बाय 99 मिलिमीटरचे तुकडे केलेत तर एका ए4 मधून बरोबर नऊ निघतात, चिंधीही उरत नाही. एकशे दहा कार्डांना असे तेरा कागद रंगवले की झालं. आणि गंमत अशी की एकाच कागदाचे असूनही कुठलेच दोन तुकडे सारखे नसतात.

या पद्धतीचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. गटात कुणाचा हात सफाईदार असतो, कुणाचा थरथरतो, कुणी सहा वर्षांचं असतं. तुकडे झाल्यावर कुणी काय रंगवलं ते ओळखू येत नाही आणि कुणाचंच काम बाजूला ठेवावं लागत नाही. मुलांना या कामात जरूर घ्या. युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र 1949 साली निघालं, ते चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून. महायुद्धानंतर तिच्या गावाला मिळालेल्या मदतीबद्दल तिनं आभार मानायला चित्र काढलं होतं, आणि कागद नव्हता म्हणून ते काचेवर रंगवलं होतं.

आता मांडणी. फिक्या रंगाच्या 120 जीएसएमच्या कागदाचे 95 बाय 138 चे तुकडे कापा. एका ए4 मधून असे चार येतात. हा तुकडा कार्डावर मधोमध बसला की चारी बाजूंना पाच मिलिमीटरची किनार दिसते. त्यावर रंगवलेला तुकडा वरच्या बाजूला, दोन्हीकडे सारखी जागा सोडून. खाली साधारण 27 मिलिमीटरची पट्टी मोकळी उरते, तिथे शब्द. हे शब्द तुकडा कार्डावर चिकटवण्याआधीच लिहायचे किंवा शिक्क्यानं उमटवायचे. बिघडलं तर पातळ कागदाचा एक तुकडा जातो, अख्खं कार्ड जात नाही. बाइंडिंगमध्ये हे तत्त्व सगळीकडे आहे: बिघडण्याचा धोका असलेलं काम स्वस्त भागावर आणि लवकर उरकायचं.

शिक्का घरी करता येतो. मोठा खोडरबर घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं पान किंवा पक्षी काढा, कागद रबरावर पालथा घालून पाठीमागून घासा, चित्र आपोआप उलटं उमटतं. आता रेघेबाहेरचं रबर कोरा, पण पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धरून, म्हणजे उंच राहिलेल्या भागाला खाली रुंद बूड मिळतं आणि दाबल्यावर ते झुकत नाही. देवनागरी अक्षरं मात्र एवढ्याशा जागेत कोरू नका. काना-मात्रा हटकून तुटतात. शब्दांचा शिक्का रबरी शिक्के करणाऱ्याकडून करून घ्या, किंवा ज्याचं अक्षर वळणदार असेल त्याला ब्रशपेन द्या.

चिकटवताना हात राखून. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, तो जास्त झाला की कागद फुगतो आणि कार्ड वाळल्यावर होडीसारखं वळतं. मोठ्या तुकड्यांना दुहेरी चिकटपट्टी बरी. प्रत्येक कोपऱ्याला तीन सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे कार्डाला बारा सेंटिमीटर आणि शंभर कार्डांना बारा मीटर. छोट्या तुकड्यांना ग्लू स्टिक पुरते, पण ती अगदी कडेपर्यंत फिरवा; कार्ड जुनं होताना सुटतात त्या कडाच. चिकटवलेली कार्डं दहा-दहाच्या चळतीत, मध्ये कोरा कागद घालून, रात्रभर वजनाखाली ठेवा.

माणसं कशी बसवायची

आधी एकट्यानं दहा कार्डं करा आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. जो टप्पा सगळ्यात सावकाश, तिथे दोघांना बसवा. आमच्याकडे तो टप्पा चिकटवण्याचा असतो. कापलेला ढीग एका टोकाला आणि तयार कार्डं दुसऱ्या टोकाला असावीत, म्हणजे माल एकाच दिशेनं सरकतो आणि कुणी कुणावरून हात टाकत नाही. पाणी आणि रंगाचं टेबल वेगळं. चहाचं त्याहून लांब.

प्रत्येक टप्प्यावर एक डमी कार्ड समोर उभं करून ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा ते भरवशाचं. आणि तासाभरानं जागा बदला. एकच काम करून मान आखडते, शिवाय सगळ्यांना सगळं आलं की एखादी व्यक्ती आली नाही तरी काम थांबत नाही. ज्या आजींना फार वेळ बसवत नाही, त्यांना मोजणीचं काम द्या. दहा-दहाचे गठ्ठे करून त्यावर चिठ्ठी लावायची. बसल्या जागी होणारं काम आहे आणि फार महत्त्वाचं आहे. मोजणी चुकली तर एखाद्या खाटेवरचा माणूस राहून जातो.

आतला मजकूर

इथे घाई करायची नाही. पण इथेही एक युक्ती आहे. थेट कार्डात न लिहिता 90 जीएसएमच्या पांढऱ्या कागदाचे 95 बाय 138 चे आतले पान म्हणून वेगळे तुकडे कापा आणि लिहिण्यासाठी ते वाटून टाका. लिहिताना चूक झाली तर दुसरं पान घ्यायचं, कार्ड सुखरूप. शिवाय ही पानं हलकी. कुणीही घरी नेऊन निवांत लिहू शकतं. टेबलाशी यायला ज्यांना वेळ नाही, तेही यात सामील होतात. लिहिलेलं पान आत चिकटवताना गोंदाची एकच रेघ घडीच्या बाजूला द्या, सगळ्या पानाला नको, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत.

काय लिहायचं? बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा "लवकर बरे व्हा" हेच उतरतं. साध्या तापाला ते ठीक. पण ज्यांचं दुखणं वर्षानुवर्षांचं आहे किंवा बरं होणारंच नाही, त्यांना ते वाचताना काय वाटेल याचा विचार करा. "धीर सोडू नका", "सगळं चांगल्यासाठीच होतं", "तुमच्यापेक्षा वाईट स्थितीतली माणसं आहेत" ही वाक्यंही नकोत. अनोळखी माणसानं दिलेला उपदेश अंथरुणावर पडून ऐकणं जड जातं. देवाचा उल्लेख मी टाळायला सांगते, कारण कार्ड कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

त्याऐवजी आपल्या खिडकीतून दिसणारं काहीतरी सांगा. आमच्या गटातल्या एका मुलानं लिहिलं होतं, "आमच्या दारातल्या झाडावर एक खारूताई आहे. ती शेपटी डोक्यावर घेऊन बसते. तुम्हाला दाखवायला आवडलं असतं." सिस्टर म्हणाल्या, ते कार्ड त्या खोलीत सगळ्यांनी मागून वाचलं. त्यात उपदेश नाही आणि आजाराचं नावसुद्धा नाही. नुसतं बाहेरचं जग थोडंसं आत आणलंय.

काहीच सुचत नसेल तर सुरुवात करून देणारी वाक्यं एका कागदावर लिहून टेबलावर ठेवावीत. "आज हे लिहिताना बाहेर…", "मला सकाळची आवडणारी गोष्ट म्हणजे…", "हा रंग निवडला कारण…", "उत्तर द्यायची अजिबात घाई नाही, फक्त हे सांगायचं होतं की…" पुढचं ज्याचं त्यानं लिहावं. तयार मजकूर सगळ्यांनी उतरवून काढला तर एका वॉर्डात शेजारशेजारच्या दोघांना तेच कार्ड मिळतं, आणि ते दोघं कार्डं एकमेकांना दाखवतातच.

नुसतं पहिलं नाव लिहा. आडनाव, पत्ता, फोन नंबर नको, मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको. तारीखही घालू नका, कारण सगळी कार्डं एकाच दिवशी वाटली जात नाहीत आणि जुनी तारीख बघून शिळं काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्येक कार्ड देण्याआधी निदान दोघांनी वाचावं. शुद्धलेखनाच्या बारीक चुका राहू द्या, विशेषतः मुलांच्या. दुखावणारं काही राहिलं नाही ना, एवढंच बघायचं.

विकायची असतील तर

विकायच्या कार्डांची गरज वेगळी. आत कोरं पान ठेवा, घेणाऱ्याला स्वतःचं लिहायचं असतं. वाढदिवस आणि आभार ही दोन कामं वर्षभर निघतात, त्यामुळे तीच जास्त करा. समोर काहीच न लिहिलेली थोडी ठेवा, ती कशालाही चालतात. सांत्वनाची कार्डं अगदी थोडी करा, साधी आणि शांत रंगांची. मोजक्या लोकांना लागतात, पण लागतात तेव्हा पटकन कुठे मिळत नाहीत. सुटी विकण्यापेक्षा पाच-सहाचा संच, पाकिटांसह पारदर्शक पिशवीत घालून ठेवला तर कार्डं मळत नाहीत आणि घेणाऱ्याला निवड करत बसावं लागत नाही.

किंमत ठरवताना फक्त कागद धरू नका. पाकीट, पिशवी, चिकटपट्टी, बिघडलेली शेकडा दहा कार्डं, सगळं धरा. तो खर्च वजा जाऊन प्रत्येक संचामागे मदतीला किती जाणार हे पिशवीतल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. लोक विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. ज्या संस्थेसाठी पैसे जमवताय तिचं नाव किंवा बोधचिन्ह छापण्याआधी तिची लेखी परवानगी घ्या. पैशांची वही दोघांच्या हाताखालून जावी, एकानं लिहावं आणि दुसऱ्यानं ताडून बघावं. पैसे पोचते केले की पावतीची प्रत गटात सगळ्यांना दाखवा.

आणि चित्रं स्वतःची वापरा. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र किंवा कार्टूनमधलं लाडकं पात्र विकायच्या कार्डावर घालणं बेकायदा ठरू शकतं. पैसे धर्मादाय कामाला जाणार असले तरी त्यात सूट मिळत नाही. विकत घेतलेले तयार शिक्के आणि नमुन्याचे कागद यांवरही कधी कधी फक्त घरगुती वापराची अट असते, ती वाचून घ्या.

पोचवताना

पाकिटं उघडीच ठेवा. दहा-दहाचा गठ्ठा रुंद कागदी पट्टीनं बांधा. रबरबँड लावू नका, कडांना खाच पडते. खोक्यात कार्डं आडवी न रचता फायलींसारखी उभी ठेवा, म्हणजे खालची दबत नाहीत. खोक्यावर बाहेरून लिहा: किती कार्डं, कोणत्या भाषेत किती, लहान मुलांची किती, मोठ्या अक्षरांची किती. वाटणाऱ्या माणसाला हातात दुसरी चार कामं असतात. त्यांना खोकं उपसायला लावू नका. आधी फोन करून वेळ विचारा, आणि पाच-सहा कोरी कार्डं पेनासकट जास्तीची ठेवा. तिथल्या कर्मचाऱ्यांना कधी एखाद्या रुग्णाच्या नावानंच लिहायचं असतं, आणि कधी एखाद्या रुग्णाला स्वतःला कुणाला तरी लिहायचं असतं.

घरी आल्यावर गेज, शिक्के आणि डमी कार्ड एकाच मोठ्या पाकिटात घाला. त्यावर मापं, लागलेले कागद आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटं लिहून टाका. उरलेल्या रंगीत चिंध्यांपैकी दोन बोटं रुंदीच्या वरच्या तेवढ्याच ठेवा, बाकीच्या रद्दीत. पुढच्या खेपेला कापायला बसाल तेव्हा ते पाकीट उघडलं की थेट कामाला लागता येतं.